पोर्ट २५ वर कोणाला बसवायचे?

क्वालिस या सुरक्षा-कंपनीने ५ जून २०१९ रोजी एक्झिम या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमधील एका त्रुटीचा तपशील जाहीर केला, तेव्हा आमच्या शिक्षणसंस्थेत प्रवेशाचे दिवस सुरू होते. सांगली जिल्ह्यातील या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचा आणि मुख्य कार्यालयाचा सगळा ईमेल व्यवहार डेबियन या लिनक्स प्रणालीच्या एकाच सर्व्हरवरून चालत असे आणि त्याची देखभाल माझ्याकडे होती. त्यावर एक्झिम होता, तो कोणी पारखून निवडला म्हणून नव्हे, तर डेबियनमध्ये मेल सर्व्हर म्हणून तोच मुळात दिलेला असतो म्हणून. वर्षानुवर्षे त्याने बिनतक्रार काम केले होते आणि त्यामुळेच तो तिथे का आहे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्रुटींच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०१९-१०१४९ या क्रमांकाने नोंदलेली ती त्रुटी समजून घेतल्यावर हा प्रश्न टाळणे मला शक्य झाले नाही. एक्झिमच्या कॉन्फिगरेशनला स्वतःची एक छोटी भाषा आहे. तिच्यात पत्त्याचे तुकडे करता येतात, फाइलीत शोध घेता येतो आणि बाहेरची आज्ञाही चालवता येते. ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत पत्र पोहोचवण्याच्या टप्प्यावर प्राप्तकर्त्याचा पत्ता याच भाषेतला मजकूर समजून उलगडला जात होता. पत्त्याच्या जागी योग्य प्रकारे आज्ञा लिहून पाठवली की ती सर्व्हरवर चालत असे, तीही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, अधिकाराने. मूळ कॉन्फिगरेशन जसेच्या तसे असेल, तर बाहेरच्या हल्लेखोराला दर काही मिनिटांनी एकेक बाइट पाठवत जोडणी सात दिवस जिवंत ठेवावी लागे, एवढाच काय तो दिलासा होता. आमच्या बाबतीत तोही नव्हता. परीक्षा विभागाच्या सोयीसाठी पत्त्यात अधिक चिन्हापुढे परीक्षेचे नाव जोडण्याची सवलत आमच्या एक्झिममध्ये सुरू केलेली होती आणि नेमकी हीच सवलत असलेल्या सर्व्हरवर सात दिवस थांबण्याची गरज उरत नाही, असे त्या तपशिलात स्पष्ट लिहिलेले होते.

आमच्या डेबियन ९ वर एक्झिमची ४.८९ ही आवृत्ती होती. डेबियनने दुरुस्ती तत्काळ दिली आणि ती आम्ही त्याच दिवशी बसवली. पुढच्याच आठवड्यात या त्रुटीचा वापर करून स्वतःहून पसरणारे हल्ले जगभर सुरू झाले. त्यांतील काही हल्ले रूटच्या खात्यात दुरून प्रवेश देणारी स्वतःची एसएसएच किल्ली टाकून ठेवत, म्हणून आम्ही किल्ल्यांची फाइल, क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी आणि नव्याने बदललेल्या सगळ्या फाइली बॅकअपशी ताडून पाहिल्या. काहीही सापडले नाही. इथे हे प्रकरण मिटवता आले असते, परंतु मला स्वस्थ बसवेना. पोर्ट २५ हे कोणत्याही मेल सर्व्हरचे असे दार आहे, की जे जगातल्या अनोळखी माणसासाठी उघडे ठेवावेच लागते. त्या दाराशी येणाऱ्या मजकुराचा आणि रूटच्या अधिकाराचा संबंध एका चुकीच्या ओळीइतका जवळ असावा का, हा प्रश्न दुरुस्ती बसवल्याने सुटत नव्हता.

त्यामुळे पर्याय शोधताना मी त्रुटींची संख्या मोजली नाही. कमी त्रुटी नोंदल्या गेलेले सॉफ्टवेअर कदाचित कोणी नीट तपासलेलेच नसते. मी दोन गोष्टी पाहायच्या ठरवल्या. बाहेरून आलेले अक्षर जो भाग प्रथम वाचतो, त्याच्या हाती सर्व्हरवरचे कोणते अधिकार असतात, ही पहिली. आणि त्रुटी सापडली की ते सॉफ्टवेअर सांभाळणारे लोक कसे वागतात, ही दुसरी. टपाल कचेरीत खिडकीवर पत्रे घेणाऱ्याजवळ तिजोरीची किल्ली नसते, आणि ती नसावी यासाठी तो माणूस अप्रामाणिक असल्याचे आधी सिद्ध व्हावे लागत नाही. एक्झिमची मूळ बांधणी याच्या उलट आहे. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला, तेव्हा एकाच प्रोग्रॅमने पत्र घ्यायचे, रांगेत ठेवायचे आणि पोहोचवायचे, ही रीत सर्वमान्य होती. पत्र घेताना एक्झिम आपले अधिकार खाली उतरवतो हे खरे. पण त्याची फाइल सेटयूआयडी रूट, म्हणजे कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालणारी, असल्यामुळे पोहोचवण्याच्या टप्प्यावर ते अधिकार पुन्हा मिळतात, आणि २०१९ ची त्रुटी नेमकी त्याच टप्प्यावर होती.

सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरचा विचार लवकर संपला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म हा स्वतःची नक्कल करणारा प्रोग्रॅम पसरला, तो ज्या वाटांनी, त्यांतील एक वाट सेंडमेलच्या डीबग सोयीची होती. पुढे त्याच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. तरी नवी मांडणी करतानाच त्याच्याकडे जाण्याचे कारण मला दिसले नाही.

क्यूमेल या मेल सर्व्हरवर मात्र मी बराच वेळ घालवला, कारण मला हव्या असलेल्या विचाराचा उगम तिथे आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी मेल सर्व्हरचे काम एकमेकांवर विश्वास न ठेवणाऱ्या लहान लहान प्रोग्रॅममध्ये वाटून दिले आणि त्यात सुरक्षेचे भगदाड दाखवणाऱ्याला १९९७ मध्ये ५०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्याचे स्रोत आजही वाचावेत असे आहेत. अडचण अशी, की मूळ लेखकाची १.०३ ही आवृत्ती १९९८ ची आहे. टीएलएस (जोडणीवरचा मजकूर सांकेतिक करणे), पासवर्डने ओळख पटवणे, अशा आज अनिवार्य असलेल्या गोष्टींसाठी तिला बाहेरचे पॅच चिकटवावे लागतात, आणि मग आपण वापरतो ते बर्नस्टाइन यांनी तपासलेले क्यूमेल राहत नाही. शिवाय मूळ क्यूमेल अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरची पत्रेही आधी स्वीकारतो आणि नंतर परत पाठवतो. खोट्या प्रेषकांच्या स्पॅममध्ये याचा अर्थ भलत्याच माणसांना पत्रांचा मारा असा होतो. आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. २००५ मध्ये जॉर्जी गुनिन्स्की यांनी ६४ बिटांच्या यंत्रांवरची एक त्रुटी दाखवली होती. एका प्रक्रियेला इतकी गिगाबाइट मेमरी कोणी देत नाही, या कारणाने बर्नस्टाइन यांनी तो दावा मान्य केला नाही. १९९० च्या दशकातली ती गृहीतके आमच्या यंत्राला लागू होती की नाही, याची हमी मला कोणी देणार नव्हते. पुढे मे २०२० मध्ये क्वालिसने त्याच जुन्या त्रुटीवरून प्रत्यक्ष हल्ला शक्य असल्याचे दाखवले.

ओपनबीएसडी या प्रणालीच्या मंडळींचा ओपनएसएमटीपीडी हा मेल सर्व्हर मला मनापासून आवडला होता. त्याचे कॉन्फिगरेशन इतके सुटसुटीत आहे, की नव्या माणसालाही वाचून कळावे. अधिकारांची विभागणीही त्याच्यात आहे. परंतु आमच्याकडे सगळे लिनक्सवर होते, आणि ओपनबीएसडीत त्या सॉफ्टवेअरभोवती जे संरक्षक कवच असते, ते लिनक्सवरच्या आवृत्तीला तसेच्या तसे मिळत नाही. म्हणून तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

उरला पोस्टफिक्स. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात तो लिहिला आणि डिसेंबर १९९८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. व्हेनेमा मुळात सुरक्षेच्या क्षेत्रातले, टीसीपी रॅपर हे साधन त्यांचेच. पोस्टफिक्समध्ये मास्टर नावाची एक देखरेखीची प्रक्रिया रूट म्हणून चालते. ती स्वतः जाळ्यावरचे पत्र वाचत नाही. बाहेरच्याशी बोलणारी एसएमटीपीडी प्रक्रिया बिनअधिकाराच्या खात्याखाली आणि डेबियनमध्ये चेरूटच्या कोंडलेल्या कप्प्यात चालते. मजकूर नीट करणारी वेगळी, रांग सांभाळणारी वेगळी, बाहेर पाठवणारी वेगळी. सेटयूआयडी रूट असलेला एकही प्रोग्रॅम त्यात नाही. मी त्याच्या जुन्या त्रुटीही वाचल्या. २०११ मध्ये स्टार्टटीएलएसने जोडणी सुरक्षित होण्यापूर्वी घुसवलेल्या आज्ञा नंतर सुरक्षित जोडणीतल्या समजल्या जात, अशी एक त्रुटी बाहेर आली. ती व्हेनेमा यांनी स्वतःच शोधली होती, इतर अनेक सॉफ्टवेअरमध्येही ती असल्याचे दाखवले होते, आणि तिचा तपशील कोणतीही सारवासारव न करता लिहिला होता. माझ्या दुसऱ्या कसोटीला याहून चांगले उत्तर मिळाले नसते.

निवड ठरत आली आणि ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली पाण्याखाली गेली आणि मेल सर्व्हर बदलण्याचा विषय काही काळ कोणाच्याही मनात राहिला नाही. पाणी ओसरल्यावर ६ सप्टेंबरला एक्झिमची दुसरी गंभीर त्रुटी जाहीर झाली: टीएलएस जोडणीच्या सुरुवातीला पाठवलेल्या नावाच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आली, की मेमरीत गडबड होऊन रूटपर्यंत पोहोचता येत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस तिसरी आली. एक्झिमच्या चमूने तिन्ही वेळा झटपट काम केले, हे नोंदवणे मला न्याय्य वाटते. पण परिणाम रूटपर्यंत का जाऊ शकतो, याचे उत्तर बांधणीतच होते.

संस्थेच्या सचिवांसमोर प्रस्ताव ठेवला तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “हे सगळं स्वतः करण्यापेक्षा गूगलला देऊन टाका की!” प्रश्न रास्त होता आणि मी तो उडवून लावला नाही. विद्यार्थ्यांची खाती बाहेरच्या सेवेकडे देणे अधिक सुरक्षित ठरेल, असे मीच लिहून दिले आणि तसे झालेही. कारण हजारो विद्यार्थ्यांचे पासवर्ड, चोरीची खाती आणि त्यांवरून जाणारे स्पॅम आवरण्याइतके मनुष्यबळ आमच्याकडे नव्हते. परीक्षा विभाग, आस्थापना आणि लेखा विभाग यांचा पत्रव्यवहार मात्र आपल्याच यंत्रावर राहावा, असे सचिवांसह सर्वांचे मत पडले. ही विभागणी झाल्यामुळे सर्व्हर लहान झाला, आणि लहान सर्व्हर राखणे सोपे असते.

प्रत्यक्ष स्थलांतरात पोस्टफिक्स बसवणे हा सर्वांत सोपा भाग होता. खरे काम होते ते एक्झिमच्या कॉन्फिगरेशनमध्ये साचलेले निर्णय बाहेर काढण्याचे. डेबियनमध्ये ते अनेक लहान फाइलींत विखुरलेले असते. त्यातला प्रत्येक नियम आम्ही कागदावर घेतला आणि तो कोणासाठी केला होता, हे त्या त्या विभागात जाऊन विचारले. कित्येक नियमांचे मालक निवृत्त झाले होते, काही नियम बंद पडलेल्या अभ्यासक्रमांचे होते. ते आम्ही नव्या ठिकाणी नेलेच नाहीत. अधिक चिन्हाची परीक्षा विभागाची सवलत पोस्टफिक्समध्ये एका ओळीत मिळाली.

जुन्या उपनामांपैकी (दुसरीकडे वळवलेल्या पत्त्यांपैकी) काही थेट स्क्रिप्टकडे जात. उदाहरणार्थ, तक्रारींच्या पत्त्यावर आलेले पत्र एका स्क्रिप्टला दिले जाई आणि ती त्याची नोंद करी. पोस्टफिक्समध्ये उपनामांची फाइल रूटच्या मालकीची असेल, तर तिच्यातली आज्ञा रूटच्या नव्हे, तर नोबडी या सर्वांत दुबळ्या खात्याच्या अधिकाराने चालते. त्यामुळे चाचणीत स्क्रिप्टला नोंदवहीच्या फोल्डरमध्ये लिहिता येईना. फोल्डर सर्वांना खुले करून हे क्षणात सुटले असते. आम्ही त्याऐवजी त्या स्क्रिप्टसाठी स्वतंत्र खाते काढले आणि फक्त तेवढेच फोल्डर त्याच्या हवाली केले. सुरक्षित सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे मला या छोट्या अडवणुकीतून जितके कळले, तितके कोणत्याही तुलनात्मक तक्त्यातून कळले नव्हते. ते प्रत्येक स्क्रिप्टबाबत विचारते, की हिला नेमके किती अधिकार लागतात, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

डव्हकॉट हा प्रोग्रॅम आमच्याकडे आयमॅपसाठी, म्हणजे पेटीतली पत्रे वाचायला देण्यासाठी, आधीपासून होता. पासवर्ड तपासण्याचे कामही आता त्याच्याकडेच दिले, म्हणजे पोस्टफिक्सला पासवर्डच्या फाइलीला हात लावण्याचे कारण उरले नाही. दोघांच्या संवादाचा सॉकेट पोस्टफिक्सच्या चेरूटच्या आत ठेवावा लागतो, हे माहीत नसलेल्याचा यात हमखास वेळ जातो. पत्रे पेट्यांत टाकण्याचे काम एलएमटीपी या पत्रे हवाली करण्याच्या पद्धतीने डव्हकॉटकडे सोपवले. सर्व पेट्या एकाच खात्याच्या मालकीच्या ठेवल्या. त्यामुळे ते खाते हाती लागलेल्याला सगळी पत्रे वाचता येतील, ही किंमत आम्ही जाणून मोजली, कारण त्या बदल्यात पोहोचवण्याच्या टप्प्यावर रूटची गरज उरत नव्हती. डव्हकॉटही निर्दोष नव्हता. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस त्याच्यातही पासवर्ड देण्यापूर्वीच वापरता येणारी एक त्रुटी निघाली होती. मात्र त्याचा पासवर्ड विचारणारा भाग वेगळ्या बिनअधिकाराच्या खात्याखाली चेरूटमध्ये चालतो, म्हणून दुरुस्ती येईपर्यंतचा काळ थोड्या कमी काळजीत गेला.

सर्वांत चिवट अडचण कार्यालयांतल्या झेरॉक्स-स्कॅन यंत्रांची निघाली. स्कॅन केलेला कागद ती थेट ईमेलने पाठवत आणि नव्या यंत्रावरच्या डेबियन १० ला किमान टीएलएस १.२ हवे असताना त्यांतल्या जुन्या यंत्रांना ते येत नव्हते. सगळ्या सर्व्हरचा दर्जा त्यांच्यासाठी खाली आणायला मी तयार नव्हतो. आम्ही केवळ अंतर्गत जाळ्यावर ऐकणारी एक स्वतंत्र एसएमटीपीडी उभी केली; ती ठरावीक यंत्रांकडूनच पत्र घेते आणि संस्थेबाहेरच्या पत्त्यावर काहीही पाठवत नाही. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन प्रक्रियांना असे वेगवेगळे नियम देणे पोस्टफिक्समध्ये अगदी सहज जमते.

बदल रविवारी केला. त्याआधी एमएक्स नोंदीचा (संस्थेची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जातात, ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती इतरत्र साठवून ठेवण्याची मुदत, कमी करून ठेवला होता आणि नव्या यंत्रावर स्वॅक्स या साधनाने हरतऱ्हेची पत्रे पाठवून पाहिली होती: देवनागरी विषयओळीची, मराठी नावाच्या जोडफाइलीची, नसलेल्या पत्त्याची, आणि बाहेरून बाहेर पाठवू पाहणारी. पहिले काही दिवस सॉफ्ट बाउन्स ही सोय चालू ठेवली. तिच्यामुळे पोस्टफिक्स कायमचा नकार देण्याऐवजी तात्पुरता नकार देतो आणि समोरचा सर्व्हर पत्र परत न पाठवता पुन्हा प्रयत्न करत राहतो. एखादा पत्ता नव्या यादीत यायचा राहिला असता, तरी त्यावरचे पत्र हरवले नसते. रोज लॉग पाहून नाकारलेले पत्ते तपासायचे, खात्री पटली की ती सोय बंद करायची. जुन्या यंत्रावरच्या एक्झिमने नवे काही न घेता आपली रांग संपवली आणि मग तो काढून टाकला.

नंतरच्या घडामोडी मी लक्ष देऊन वाचत राहिलो. जानेवारी २०२० मध्ये ओपनएसएमटीपीडीत सीव्हीई-२०२०-७२४७ ही त्रुटी निघाली. प्रेषकाच्या पत्त्यातला मजकूर पुरेसा न तपासता शेलकडे, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जात होता आणि आज्ञा रूट म्हणून चालवता येत होती. अधिकारांची विभागणी असूनही एक धागा शेलपर्यंत गेलेला होता. म्हणून मी आमच्या उपनामांतल्या स्क्रिप्ट पुन्हा एकदा तपासल्या आणि पत्रातला कोणताही मजकूर त्यांना आज्ञेच्या ओळीतून मिळणार नाही, अशी व्यवस्था केली. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने सँडवर्म हा रशियन लष्करी हेरखात्याचा गट एक्झिमची जून २०१९ ची त्रुटी वापरत असल्याचे जाहीर केले. मे २०२१ मध्ये क्वालिसने एक्झिममधल्या आणखी २१ त्रुटी एकत्र प्रसिद्ध केल्या.

पोस्टफिक्सची पाळी डिसेंबर २०२३ मध्ये आली. सेक कन्सल्ट या संस्थेच्या संशोधनातून एसएमटीपी स्मगलिंग उघड झाले. पत्राचा शेवट दाखवणारे चिन्ह प्रत्येक सर्व्हर थोडे वेगळे ओळखतो, याचा फायदा घेऊन एका पत्राच्या पोटात दुसरे खोट्या प्रेषकाचे पत्र लपवता येत होते आणि ते प्रेषक खरा आहे का, हे पाहणाऱ्या एसपीएफच्या तपासणीतूनही सुटत होते. यात सर्व्हरचा ताबा जात नव्हता, परंतु संस्थेच्या नावाने किंवा संस्थेला आलेल्या खोट्या पत्राचे नुकसान कमी नसते. पोस्टफिक्सच्या चमूने आधी तात्पुरता उपाय दिला, मग सुट्या नव्या-ओळीच्या चिन्हाला मज्जाव करणारी सोय ३.८.४ आणि जुन्या चालू आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांत दिली. आम्ही ती बाहेरच्या दारावर लगेच लावली. अंतर्गत जाळ्यावर मात्र जुनी यंत्रे आणि काही घरगुती स्क्रिप्ट अशीच सुटी चिन्हे पाठवत असल्याचे लॉगमध्ये दिसले, म्हणून तिथे सवलत ठेवली आणि स्क्रिप्ट एकेक करून दुरुस्त केल्या.

सध्या माझे लक्ष वेबमेलवर आहे. जून २०२५ मध्ये राउंडक्यूब या आमच्या वेबमेल सॉफ्टवेअरमध्ये सीव्हीई-२०२५-४९११३ ही त्रुटी जाहीर झाली. ती वापरायला एखाद्या खात्याचा पासवर्ड लागतो, पण कर्मचाऱ्यांपैकी कोणाचाच पासवर्ड कधी चोरीला जाणार नाही असे मी धरून चालू शकत नाही. दुरुस्ती तेव्हाच बसवली आणि वेबमेल पोस्टफिक्सच्या यंत्रावरून काढून वेगळ्या आभासी यंत्रावर नेला. तिथून मेल सर्व्हरकडे फक्त आयमॅप आणि पत्र पाठवण्यासाठीचे पोर्ट ५८७ हे दोनच मार्ग उघडे आहेत, आणि तेही खातेदाराच्या पासवर्डशिवाय काही करू देत नाहीत.